रतांबे कापून झाले आणि पाऊस आला

आमसुलाचा धंदा उन्हावर चालतो. रतांबे (कोकमाची फळं) धुवायचे, कापायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालींना मीठ घातलेल्या रसाचं पुट द्यायचं आणि अंगणात पसरायच्या. सुकल्या की पुन्हा रस, पुन्हा ऊन. सलग पाच-सहा दिवस कडकडीत ऊन मिळालं तर आमसूल मऊ राहतं आणि वर्षभर टिकतं. मधेच एखादी सर आली की बुरशी धरायला वेळ लागत नाही. म्हणून आमच्या मालवण तालुक्यात एप्रिलअखेरपासून सगळ्यांचा एक डोळा आभाळाकडे असतो. मिरग (मृग नक्षत्र) लागतो ७ जूनच्या सुमारास, त्याआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीची, कामं आटपायची, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब.

२०२५ च्या मे महिन्याने तो पार मोडला. २० तारखेच्या सुमारास पावसाने जोर धरला. अरबी समुद्रात कोकण किनाऱ्यालगत तयार झालेला कमी दाबाचा पट्टा २४ तारखेला रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आला, २५ ला मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं आणि २६ ला तो मुंबईत. मुंबईच्या नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. मी सांगतेय तो दिवस या सगळ्याच्या सुरुवातीचा. नुसता वळीव आहे, दोन दिवसांत उघडेल, असं गावातली निम्मी माणसं तेव्हा म्हणत होती.

माझा व्यवसाय एकटीचा आहे. आमसूल, आगळ (मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस), अमृत कोकम (साखरेतलं सरबत) आणि थोडं मुठेल, म्हणजे बियांचं घट्ट तेल. हंगामात वाडीतल्या चार बायका रोजाने येतात. बाकी वर्षभर ऑर्डर घेणं, पैशांचा हिशेब, लेबल, पार्सल, तक्रारी, सगळं मीच. पूर्वी रात्री जेवणं झाली की अकरा-साडेअकरापर्यंत मोबाइलवर उत्तरं देत बसायचे, आणि तरीही कुणाचा तरी पत्ता वहीत चढवायचा राहायचाच. एआय वापरायला लागल्यापासून ती रात्रपाळी संपली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डरी मी त्याला देते, नाव आणि फोन नंबर काढून, फक्त ऑर्डरचा क्रमांक ठेवून. तो त्यांचा तक्ता करतो. उत्तरांचे मसुदे लिहितो, महिन्याची जमाखर्चाची बेरीज तपासतो, लेबलवर घटक, वजन, बॅच, तारीख यातलं काही राहिलंय का ते बघतो. महिन्याला दोन हजारांच्या आसपास वर्गणी पडते. एवढ्यात मला कारकून मिळाला नसता, आणि मिळाला असता तरी बारा महिने त्याला पगार देण्याएवढा माझा धंदा मोठा नाही. तो तेवढा मोठा करायची मला घाईही नाही. कर्ज न काढता दरवर्षी नीट चालावा, एवढंच धरून मी तो उभा केला आहे.

त्या सकाळी पडवीत आदल्या दिवशी कापलेल्या साली पसरलेल्या होत्या, अंगणातल्या अर्ध्या वाळलेल्या साली ताडपत्रीखाली ढकललेल्या होत्या आणि न कापलेल्या रतांब्यांचे क्रेट भिंतीला लावून ठेवलेले होते. वीज पहाटेच गेली होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या काकी सत्तरीच्या घरातल्या आहेत, माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून रतांबे कापतात. त्यांनी ताडपत्रीखाली हात घातला, दोन साली उचलल्या, बोटांत दाबून बघितल्या, नाकाशी नेल्या. मग म्हणाल्या, "बाय, आता ऊन पडूचां नाय. घरात मीठ कितकां आसा?"

खरं तर निर्णय त्या प्रश्नातच झाला होता. आगळाला ऊन लागत नाही. साली आणि गर मिठात घालायचा, आठवडाभर रोज ढवळायचा, मग गाळून घ्यायचा. पण कापलेला रतांबा वाट बघत नाही. दुपारपर्यंत मीठ लागलं नाही तर पडवीतला मालही गेला असता. टेम्पोवाल्याला खडे मीठ आणायला पाठवलं, बायकांनी पिंपं घासायला घेतली, आणि अर्ध्या वाळलेल्या साली चुलीवरच्या माळ्यावर चढवल्या. तिथल्या धगीवर त्यातल्या काही घरच्या वापरापुरत्या निघाल्या, बाकीच्या टाकल्या.

राहिला होता तो धंद्याचा प्रश्न, आणि तो मिठाने सुटणारा नव्हता. आमसुलाची आगाऊ नोंदणी होती २१० किलोची. तयार, भरून ठेवलेलं आमसूल होतं ८५ किलो. प्रत्येकाकडून निम्मे पैसे आधी घेतलेले.

रेंज घरात नव्हतीच. छत्री, मोबाइल आणि पॉवरबँक घेऊन वर सड्यावर, उंचावरच्या कातळाच्या माळावर गेले, एसटी थांब्याच्या शेडमध्ये बसले. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बोलून टाइप करणं शक्यच नव्हतं. नोंदणीचा तक्ता एआयला दिला, माझ्या वहीतलं प्रमाण दिलं (इतक्या क्रेटचं आगळ किती, बाटल्या किती) आणि विचारलं: तयार माल सगळ्यांना थोडा थोडा वाटला तर काय, आधी नोंदवलेल्यांना पूर्ण दिला तर काय, कमी पडेल तिथे आगळ देऊ केलं तर काय, आणि कुणीच आगळ घेतलं नाही तर परत किती द्यावे लागतील. दोन-तीन मिनिटांत चारही हिशेब समोर आले. त्यातले दोन मी हाताने ताडून बघितले, बरोबर होते. हेच काम वहीवर करायला मला अख्खी रात्र गेली असती, आणि त्या रात्री घरात उजेड नव्हता.

त्याने आपणहून एक पाचवी वाटही सुचवली होती: कमी पडणारं आमसूल बाजारातून घेऊन पुरवा, नफा थोडा कमी होईल पण ऑर्डर पुऱ्या होतील. हिशेबाने ते अगदी खरं होतं. पण त्या आठवड्यात मिळणारं आमसूल कुणाच्या अंगणातलं, कधीचं, कसं वाळवलेलं, हे मला कुणालाच सांगता आलं नसतं. माझ्याकडून घेणारी माणसं कोकमासाठी येत नाहीत, कोकम तर कुठल्याही वाण्याकडे मिळतं. ती माझ्या अंगणासाठी येतात. ती ओळ मी खोडली.

मग निरोपाचा मसुदा मागितला. आला तो सुरेख होता, नम्र, मोजका, शुद्ध मराठीत. त्यात एक वाक्य होतं की पावसामुळे आपल्याला आमसुलाऐवजी तितकंच गुणकारी आगळ पाठवत आहोत. तिथे मी थांबले.

एक तर पाठवत आहोत असं कसं म्हणायचं? पैसे त्यांचे, निवड त्यांची. दुसरं म्हणजे ते 'गुणकारी'. कोकमाने वजन उतरतं, साखर उतरते असं लिहायचा मोह आमच्या धंद्यात सगळ्यांनाच पडतो. मधुमेह, लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. एआयने तसं काही लिहिलं नव्हतं, पण 'गुणकारी' हा शब्द त्याच वाटेवरचा. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: आगळ मिठावरच टिकतं. आमटीत दोन आमसुलं टाकणाऱ्या माणसाने रोज आगळाची सोलकढी प्यायला सुरुवात केली तर पोटात किती मीठ जाईल? माझ्या यादीत रक्तदाबाची औषधं चालू असलेली बरीच मंडळी आहेत. कुणी फोनवर सहज बोलून जातं, कुणी पार्सल मागवताना सांगतं. ही माहिती त्या तक्त्यात नव्हती, कारण लोकांच्या आजारपणाच्या गोष्टी मी तिथे कधीच टाकत नाही. त्या माझ्या वहीत आणि माझ्या डोक्यात असतात. एआयला ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं, आणि ठाऊक असावं असं मला आजही वाटत नाही.

निरोप मी पुन्हा लिहिला. पाऊस आला, आमसूल कमी पडलं, तयार आहे त्यातला तुमचा वाटा इतका. उरलेल्याचं आगळ हवं असेल तर सांगा, त्यात मीठ भरपूर असतं, पथ्य असेल तर घेऊ नका. नको असेल तर पैसे आठवड्याच्या आत परत. या साध्या मजकुरात प्रत्येकाचा वाटा आणि रक्कम भरायचं काम एआयनेच केलं. आणि रक्तदाबवाल्यांना मी निरोप न पाठवता त्या शेडमधून फोन लावले. गिरगावातल्या एका आजींनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाल्या, "आगळ नको गं, डॉक्टर ओरडतात. आमसूलच दे. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी दे, पैसे राहू देत तुझ्याकडे."

मी पैसे परत केले. करू शकले, कारण आगाऊ आलेली रक्कम मी माल रवाना होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवते, त्यातून क्रेटचे पैसेसुद्धा देत नाही. हंगामाचा खर्च आदल्या वर्षीच्या शिलकीतून करायचा, ही शिस्त मला कुठल्या यंत्राने शिकवलेली नाही. ती सासूबाईंची. एकट्या माणसाच्या धंद्यात एआय दहा हातांचं काम करतो हे मी छातीठोकपणे सांगेन. पण ही शिलक नसती, तर शेडमध्ये बसून किती परत द्यायचे हे मला बिनचूक कळलं असतं आणि द्यायला काही नसतं. नव्याने धंदा सुरू करणाऱ्या मुली मला विचारतात कुठलं ॲप घेऊ, तेव्हा मी आधी खात्याबद्दल विचारते. त्यांना ते रुचत नाही, पण मला दुसरं काही सांगता येत नाही.

संध्याकाळी खाली आले तेव्हा पिंपं भरून झाली होती आणि काकी वरून मिठाचा शेवटचा थर देत होत्या. ढवळण्याच्या पाळ्या त्यांनी परस्पर ठरवूनही टाकल्या होत्या.

निम्म्याहून जास्त लोकांनी आगळ घेतलं, साधारण तिसऱ्या हिश्शाने पैसे परत घेतले, काहींनी नुसतं 'काळजी घे' एवढंच लिहिलं. त्या हंगामात नफा फारसा उरला नाही. कर्ज मात्र झालं नाही आणि बायकांचा रोज ठरल्या दिवशी हातात पडला.

पावसाळ्यात मी सोलर ड्रायरसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत अर्ज करायला घेतला. तिथे तेव्हा ३५ टक्के अनुदान मिळत होतं, कमाल १० लाखांपर्यंत, पण बँकेच्या कर्जाला जोडून. कर्ज नको म्हणणाऱ्या मला त्यावर बरेच दिवस विचार करावा लागला. शेवटी हप्ता एका वाईट हंगामातही फेडता येईल एवढाच, लहान ड्रायर धरला. प्रकल्प अहवालाचा सांगाडा एआयने लिहिला. त्यात त्याने दरवर्षी विक्री वाढतच जाईल असं गृहीत धरलं होतं. ते आकडे काढून मी माझ्या वहीतले घातले, २०२५ च्या हंगामासकट. बँकेतल्या साहेबांनी तो आकडा बघून विचारलं, हे वर्ष असं का? मी त्यांना रतांब्यांची गोष्ट सांगितली. ड्रायर बसेपर्यंत आमसुलाची आगाऊ नोंदणी शंभर किलोवर घेणार नाही, हेही त्या अहवालातच लिहून दिलं आहे.