"काही नाही ओ, असंच वाटलं"

मॉनिटरवर सगळे आकडे नीट होते, तरी सिस्टरनी बाबांच्या पावलाला हात लावला, दोन क्षण तसाच ठेवला आणि कोणाशी काही न बोलता थेट डॉक्टरांना फोन लावला. तासाभरात ताप चढला, इन्फेक्शन निघालं, पण तोवर औषध सुरू झालेलं.

नंतर विचारलं, तुम्हाला कळलं कसं? तर म्हणाल्या, "काही नाही ओ, असंच वाटलं."

ते 'असंच' डोक्यातून जातच नाहीये.

गॅरी क्लाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ १९८०च्या दशकात अमेरिकेत आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांना भेटले, त्यांना वाटलेलं हे लोक घाईघाईत का होईना दोन-तीन पर्याय तोलत असतील, पण ते सांगायचे आम्ही निर्णय वगैरे घेतच नाही, बघितलं की काय करायचं ते कळतं. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या आयसीयूतल्या नर्सेसनाही असंच विचारलं. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधी इन्फेक्शन ओळखणाऱ्या या बायका, आणि उत्तर तेच, आतून कळतं. मग एकेका बाळाची आठवण काढून, त्या रात्री नक्की काय दिसलं, हाताला काय लागलं असं खोदून विचारत गेल्यावर खुणा बाहेर आल्या, आणि त्यातल्या काही तेव्हाच्या पुस्तकांत नव्हत्याच!

आपल्या सिस्टरना असं शांतपणे बसून कोणी कधी विचारलंय का?