स्टर्लिंगच्या पेट्रोलचा हिशेब

२८ नोव्हेंबर

आज रॉडन मिडलटनची आठवण. सिडनीत जन्मलेला, ऑस्ट्रेलियन हवाईदलाचा फ्लाइट सार्जंट, वय २६. १९४२ साली याच रात्री रॉयल एअर फोर्सच्या १४९ स्क्वाड्रनचं स्टर्लिंग हे बॉम्बफेकी विमान घेऊन तो इटलीतल्या तुरीनच्या फियाट कारखान्यावर निघाला. ही त्याची २९वी मोहीम. ३० झाल्या की सुट्टी. त्याच्याबद्दल लिहिताना सगळे एकदम शौर्यावर येतात. मला मात्र त्या रात्रीचा पेट्रोलचा हिशेब आधी मांडावासा वाटतो, कारण त्याशिवाय त्याने नेमकं काय केलं हे कळतच नाही.

स्टर्लिंगला चार इंजिनं, पण पंखांची लांबी जेमतेम ९९ फूट. हँगरच्या दारात मावावं म्हणून पंख आखूड ठेवले, असं नेहमी सांगतात. ते काही पटत नाही. तेव्हाच्या नव्या हँगरांची दारं याहून बरीच रुंद होती. कारण काहीही असो, आखूड पंखांमुळे भरलेलं विमान उंची गाठताना रडायचं. आल्प्स ओलांडायला १२,००० फूट हवेत. तिथवर चढायचं तर इंजिनं सतत जोरावर ठेवावी लागतात, आणि पेट्रोल नेमकं तिथेच जातं. त्यात काळोख असा, की शिखरं दिसेनात. डोंगर पार होईपर्यंत टाकीत परतीपुरतंच, तेही काठावरचं पेट्रोल उरलं होतं. मागे फिरला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

पुढे लक्ष्य उजळायला सोडलेले प्रकाशगोळे दिसले आणि तो पुढे गेला. एवढंच नाही, कारखाना ओळखू यावा म्हणून २,००० फुटांवर उतरला. मिळवलेली उंची सोडायची म्हणजे ती पुन्हा विकत घ्यायची, तीही पेट्रोल मोजून. शहरावर तीन फेऱ्या मारल्यावर लक्ष्य सापडलं. तोफांनी डावा पंख फोडला. मग एक गोळा कॉकपिटमध्येच फुटला. मिडलटनचा उजवा डोळा गेला, वरचं हाड उघडं पडलं, तो बेशुद्ध झाला. विमान ८०० फुटांपर्यंत कोसळत आलं. स्वतः जखमी असलेल्या दुसऱ्या वैमानिकाने, हायडरने, ते सावरलं, १,५०० फुटांवर नेलं आणि बॉम्ब टाकले गेले.

शुद्धीवर येताच मिडलटनने सुकाणू परत घेतलं आणि हायडरला मलमपट्टीसाठी मागे पाठवलं. समोरची काच फुटलेली, एका डोळ्याने धड दिसत नाही, बोलायला गेलं की रक्त येतं. आणि आल्प्स पुन्हा आडवा. फ्रान्समध्येच उतरायचं किंवा उड्या टाकायच्या, यावर विमानात चर्चा झाली. तो म्हणाला, इंग्लंडचा किनारा गाठू. सहकाऱ्यांना मायभूमीवर उतरता यावं, शत्रूच्या हाती लागू नये, हा त्यामागचा हिशेब. स्वतःसाठी त्यात काही शिल्लक नव्हतं. चार तासांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर तोफांनी पुन्हा गाठलं.

इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा पाचेक मिनिटांचं पेट्रोल उरलं होतं. त्याने विमान किनाऱ्याला समांतर धरलं. हे बारकाईने पाहण्यासारखं आहे: सरळ आत नेलं असतं तर ते कुणाच्या तरी घरावर पडलं असतं, सरळ समुद्राकडे वळवलं असतं तर उडी टाकणारे बुडाले असते. पाच जण उतरले आणि वाचले. पुढचा गनर मॅकी आणि फ्लाइट इंजिनिअर जेफ्री त्याच्या मदतीला थांबले. त्यांनी नंतर उड्या टाकल्या, पण दोघेही समुद्रात बुडाले. विमान मिडलटनसकट केंटमधल्या डिमचर्चजवळ पाण्यात गेलं.

मिडलटनला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान, जानेवारी १९४३ मध्ये जाहीर झाला, दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन हवाईदलाला मिळालेला पहिला. त्याचा मृतदेह त्यानंतर, १ फेब्रुवारीला, डोव्हरच्या किनाऱ्याला लागला. सफोकमधल्या बेक रो इथे त्याला लष्करी इतमामात पुरलं. पायलट ऑफिसरची बढतीही त्याला मरणोत्तरच मिळाली. मॅकी आणि जेफ्री यांची नावं मात्र बहुतेक लेखांत ‘दोन सहकारी’ एवढ्यावरच उरकतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.