हा एवढा ओरडतोय का?

परवा हेडफोनची पिन अर्धवट बसलेली ते कळलंच नाही आणि अख्ख्या घराला गॉड डिथ्रोन्ड हा मेटल बँड ऐकावा लागला. बहीण आतून आली, "अरे हा माणूस एवढा ओरडतोय का, काय झालंय त्याला?" म्हटलं चिखलात बुडतोय. तिला वाटलं मी थट्टा करतोय.

पण खरंच तसंच आहे. 'पॅशनडेल' हा २००९ चा अल्बम, बँड डच, आणि पूर्ण अल्बम पहिल्या महायुद्धातल्या एकाच लढाईवर. बेल्जियममधलं ईप्र आणि त्याच्याजवळचं पॅशनडेल गाव, ३१ जुलै ते १० नोव्हेंबर १९१७. तिथली जमीन सखल, खाली चिकणमाती, पाणी जिरतच नाही, शेतकऱ्यांनी चर खणून पाणी काढून दिलेलं म्हणून तरी शेती व्हायची. हल्ल्याआधी ब्रिटिश तोफांनी ४० लाखांवर गोळे टाकले, चर बुजले, ओढे फुटले, वर ऑगस्टचा धो धो पाऊस. मग चिखलावर फळ्या टाकून वाट केलेली, रात्री अंधारात पाठीवर ओझं घेऊन त्यावरून जायचं, पाय घसरला की बाजूच्या गोळ्याच्या खड्ड्यात, आणि कुणी हात द्यायला वाकला तर त्याच्याही जिवाला धोका. शंभर दिवस हे चाललं आणि ब्रिटिश पुढे सरकले किती तर साधारण ८ किलोमीटर. पुढच्या एप्रिलमध्ये ते पॅशनडेल गावही सोडून मागे यावं लागलं!

आता हे सगळं गोड आवाजात कसं गाणार सांगा. ग्राउलमध्ये, म्हणजे या घशातून गुरगुरत ओरडण्यात, शब्द कळत नाहीत ही लोकांची नेहमीची तक्रार, माझीही होती, पण इथे मला तेच पटतं, तोंडात चिखल गेलेल्या माणसाचे शब्द कुठे कळणारेत. खाली डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा मोठा ड्रम, अखंड चालू, थांबतच नाही, पाचव्या मिनिटाला तुम्ही तो ऐकणंच सोडून देता आणि मग तो एकदम बंद झाला की दचकायला होतं.

सगळ्यात भारी मात्र विषारी वायूवरचं गाणं. मस्टर्ड गॅस जर्मनांनी पहिल्यांदा वापरला तो ईप्रलाच, याच लढाईच्या तोंडावर, जुलैमध्ये. आणि त्याचं वाईट म्हणजे लगेच काहीच होत नाही, थोडा वास येतो, माणूस जेवतो, झोपतो, काही तासांनी डोळे उघडत नाहीत आणि अंगभर फोड. तर या गाण्यात ओरडणं मध्येच थांबतं आणि चक्क साधा, सुरातला आवाज येतो. मला तिथे ग्राउलपेक्षा जास्त भीती वाटली.

तक्रार एकच, रेकॉर्डिंग फार चकाचक आहे, ड्रम्स तर नुकतेच धुऊन पुसून ठेवल्यासारखे. जरा घाण आवाज चालला असता. पण रणगाडे आणि विजयाची आरती ओवाळणारं मेटल खूप ऐकलंय, त्यापुढे हे कितीतरी प्रामाणिक वाटतं, इथे कुणी जिंकत नाही. पॅशनडेलजवळच्या टाइन कॉट दफनभूमीत जवळजवळ १२,००० कबरी आहेत आणि त्यातल्या ८,००० हून जास्त कुणाच्या ते माहीतच नाही.

हे सगळं बहिणीला सांगितलं तर गप्प बसून ऐकलं तिने. मग म्हणाली, ते गॅसवालं परत लाव. बाकीचं नको.