एका रस्त्यावर दोन चॅपल

माझा मावसभाऊ यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात राहायला गेलाय. त्याने व्हॉट्सॲपवर घराचा फोटो पाठवला तर दारावर दगडात चक्क ‘प्रिमिटिव्ह मेथडिस्ट चॅपल’ कोरलेलं (मेथडिस्ट हा एक ख्रिस्ती पंथ, चॅपल म्हणजे छोटं प्रार्थनाघर), आणि म्हणे त्याच रस्त्यावर पुढे अजून एक मेथडिस्ट चॅपल आहे, तिथे आता सोफ्याचं दुकान. एवढ्याशा गावाला दोन कशाला? झालं, माझी शनिवारची रात्र त्यात गेली.

मेथडिस्ट पंथ ज्याच्यामुळे सुरू झाला तो जॉन वेस्ली खरं तर चर्च ऑफ इंग्लंडचाच, म्हणजे तिथल्या अधिकृत चर्चचाच पाद्री, शेवटपर्यंत. पण बऱ्याच ठिकाणच्या चर्चनी त्याला प्रवचन करू देणं बंद केलं, मग 1739 ला गडी ब्रिस्टलजवळ उघड्यावर उभा राहून कोळसा खाणीतल्या कामगारांसमोर बोलायला लागला. 1742 ला एपवर्थमध्ये, म्हणजे स्वतःच्या जन्मगावी, चर्चमध्ये बोलू दिलं नाही तर बाहेर वडिलांच्या थडग्यावर उभं राहून बोलला. आपल्याकडे कीर्तनाला देऊळ नाही मिळालं तर पारावर करतात तसंच की.

मला सगळ्यात आवडला तो पैशाचा भाग. ब्रिस्टलला 1739 मध्येच ‘न्यू रूम’ बांधायला घेतली, जगातली पहिली मेथडिस्ट इमारत, आणि डोक्यावर कर्ज झालं. 1742 मध्ये कॅप्टन फॉय नावाच्या माणसाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. कोणीतरी म्हणालं, गरिबांना नाही जमणार, तर हा म्हणतो, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, दर आठवड्याला जाऊन भेटतो, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरतो! आता दर आठवड्याला दारात जायचं म्हटल्यावर कोण आजारी, कोण पिऊन पडलंय, सगळं कळणारच, आणि वर्गणीतूनच बारा-बारा जणांचे गट तयार झाले, त्यांना ‘क्लास’ म्हणायचे. पाद्री महिनोन्महिने फिरकला नाही तरी गट चालू. गावोगाव चॅपल उभी राहिली ती याच्या जोरावर, असं माझं मत. आधी कुणाच्या तरी घरात, कोठारात जमायचे, इमारत नंतर. वेस्लीला अष्टकोनी चॅपल फार आवडायची, हेप्टनस्टॉलचं 1764 चं अजून उभं आहे.

आणि दोन चॅपलचं कोडं? फूट, दुसरं काय! 1807 मध्ये माऊ कॉप टेकडीवर ह्यू बोर्न वगैरे मेथडिस्ट मंडळींनी दिवसभराचा उघड्यावरचा मेळावा घेतला, तो वेस्लीच्या पश्चात शिस्तशीर झालेल्या वरिष्ठांना खपला नाही (वेस्लीने आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?), आणि बोर्नला काढून टाकलं. त्यातून प्रिमिटिव्ह मेथडिस्ट निघाले, त्यांची वेगळी चॅपल. 1932 ला मोठे गट पुन्हा एक झाले, पण तोवर कितीतरी गावांत दोन-दोन, तीन-तीन इमारती होऊन बसल्या होत्या. मग काही विकल्या, त्यातल्याच एकात आता आमचा भाऊ पोहे करतो.

पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. आमच्याच गल्लीत दोन गणपती मंडळं आहेत, पूर्वी एकच होतं, का फुटलं ते विचारलं की प्रत्येकजण वेगळं सांगतो. परवा त्यातल्या एकाची पोरं वर्गणीला आली तेव्हा मी उत्साहात कॅप्टन फॉयची गोष्ट सुरू केली. पोरगं शांतपणे म्हणालं, “काका, पाचशेची फाडू ना?”