राखणारा

सुक्कोत या ज्यू सणाच्या सुट्टीत आम्ही अकरा जण शाआर हागायहून यरुशलेमला पायी निघालो. हिब्रूत या यात्रेला ‘आलिया ला-रेगेल’ म्हणतात. आलिया म्हणजे चढण, रेगेल म्हणजे पाय. आमची आजी रेवदंड्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. त्यामुळे घरात आम्ही वारीच म्हणतो.

वाट चढणीची, दोन दिवसांची. वारकऱ्यांना अभंग तसे यात्रेकरूंसाठी तेहिलीममध्ये, म्हणजे हिब्रू स्तोत्रसंग्रहात, चढणीची पंधरा गीतं आहेत. माझं आवडतं 121 वं. आठच ओव्यांत ‘शमर’, म्हणजे राखणं, हा धातू सहा वेळा येतो. ‘परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला तुझी सावली आहे’ ही ओळ मी लहानपणापासून म्हणत आले. पण त्या दुपारी पूर्वेकडे चालताना ऊन उजवीकडून पाठीवर होतं आणि माझीच सावली डाव्या हाताशी पुढे चालली होती. मी थांबून तिच्याकडे बघत राहिले.

रात्री साताफजवळ मुक्काम. आळीपाळीने पहारा होता. पहारेकऱ्याला हिब्रूत शोमेर म्हणतात, गीतात देवाला वापरलाय तोच शब्द. दोनच्या सुमाराला जाग आली. लख्ख चांदणं होतं आणि आमचा एकोणीस वर्षांचा शोमेर बसल्या जागी झोपलेला. दिवसभर माझी पिशवी त्यानेच वाहिली होती. त्याला उठवावंसं वाटेना. त्याच्या अंगावर शाल टाकली आणि उजाडेपर्यंत मीच बसले. ‘इस्राएलचा राखणदार डुलकी घेत नाही, झोपत नाही’ हे वाक्य त्या रात्री मला फार मोठं वाटलं.

शहरात शिरताना केतेफ हिन्नोम लागतं. 1979 साली तिथल्या थडग्यांत चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या, गळ्यात घालायच्या ताइतांसारख्या. सुमारे 2,600 वर्षं जुन्या. त्यांवर कोहेनांचा, म्हणजे ज्यू पुरोहितांचा, आशीर्वाद कोरलाय: ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुला राखो.’

तोच आशीर्वाद पश्चिम भिंतीपाशी ऐकला. तालीतखालून, म्हणजे प्रार्थनेच्या शालीखालून, हात उभारलेले कोहेन आणि समोर हजारो माणसं. तरी शब्द ‘वेयिश्मेरेखा’, एकवचनी. तुम्हाला नाही, तुला.

गावाहून निघताना आजी आम्हा पाच नातवंडांना एकदम निरोप देत नसे. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, पवित्र वचनांच्या डबीला, हात लावून, एकेकाला जवळ ओढून म्हणायची, “देव तुला राखो.” पाच वेळा. एस्टी सुटायची वेळ झाली तरी.