गाळलेला परिच्छेद

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या असा मेसेज बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो, एक लेथ बंद पडलं होतं, पार्टी फोनवर फोन करत होती, आणि तिथे उभ्या उभ्याच मला आपला तो लांब व्हरांडा दिसला, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा दिसला आणि व्हरांड्याच्या टोकाला पदराने चष्मा पुसत उभ्या असलेल्या बाई दिसल्या. बाई म्हणजे मराठीच्या बाई. आपल्या वेळच्या कुणालाही त्यांचं नाव सांगायची गरज नाही आणि नाव छापलेलं त्यांना आवडणारही नाही, म्हणून लिहीत नाही.

मी १९८३ च्या एसएससी बॅचचा. बोर्डिंगचा मुलगा, शेवगाव तालुक्यातल्या खेड्यातून आलेला. शाळेबद्दल लिहायचं तर खूप आहे, गॅदरिंग, पीटीचे सर, पावसात गळणारी प्रयोगशाळा, पण ते बाकीचे लिहितीलच. मला फक्त एका भाषणाबद्दल लिहायचंय. चाळीस वर्षांहून जास्त झाली तरी ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

आधी बाईंबद्दल. बाई ख्रिस्ती, आम्हीही ख्रिस्ती, पण बाई ठळक कुंकू लावायच्या, हिरव्या बांगड्या घालायच्या, आणि रविवारी चर्चमध्ये पण तशाच यायच्या. चर्चमधल्या काही आत्या-मावश्या त्यावरून कुजबुजायच्या की ही अजून तिकडचीच. आणि त्यांच्याच गल्लीत लोक त्यांना साहेबाच्या धर्माची बाई म्हणायचे. दोन्हीकडून ऐकून घ्यायचं आणि दोन्हीकडे रोज जायचं, हे त्यांनी अख्खं आयुष्य केलं. आम्ही एकदा न राहवून विचारलं होतं की बाई तुम्हाला राग नाही का येत, तर त्या म्हणाल्या, "अरे, आपल्या नगरमध्ये टिळक राहून गेले, लक्ष्मीबाई राहून गेल्या, त्यांनी काय काय ऐकलं ते वाच आधी."

टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, पुण्याचे टिळक नव्हेत. बाहेरच्या माणसाला हे दर वेळी सांगावं लागतं, नगरच्या ख्रिस्ती पोराला नाही. केवढे हे क्रौर्य ही कविता शिकवायला घेतली की बाई दोन तास कवितेवर आणि चार तास कवीवर घ्यायच्या. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि नातेवाईक तुटले, जातीत थारा राहिला नाही, लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या, आणि पुढे पाच वर्षांनी स्वतःच्या मनाने त्याही ख्रिस्ती झाल्या. हे लोकांना माहीत असतं. बाई त्याच्या पुढचं सांगायच्या. हा माणूस मिशनमध्ये नोकरीला राहिला, पाळक झाला, पण सांगत राहिला की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकारामांच्या पुलावरून, आणि ख्रिस्त माझ्या देशात साहेबाचे कपडे घालून यायला नको. अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तन चर्चमध्ये आणलं. आणि १९१७ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही चालणार होते. म्हणजे विचार करा, पहिल्यांदा धर्मासाठी आपली माणसं सोडली आणि बावीस वर्षांनी देशासाठी पोटाचा आधार सोडला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ ला ते गेले. जाताना सांगून गेले की मला पुरू नका, दहन करा. बाई हे सांगताना फळ्याकडे तोंड करायच्या, आम्हाला वाटायचं काहीतरी लिहितायत.

आता भाषण. नववीत होतो. शाळेला आणि बोर्डिंगला मदत करणारे परदेशातले एक पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोर एका मुलाने पंडिता रमाबाईंवर बोलायचं ठरलं आणि बाईंनी मला उभं केलं. आवाज खणखणीत म्हणून, आणि बोर्डिंगचा मुलगा म्हणूनही असेल. महिनाभर आधी बाई आम्हाला केडगावला घेऊन गेल्या. आपलं माळीवाड्याच्या पुढचं केडगाव नव्हे, दौंडच्या पलीकडचं. पॅसेंजरने दौंड, तिथे गाडी बदलून केडगाव. मुक्ती मिशन बघितलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी तिथे शेकडो पोरीबाळी आणि विधवा आणून सांभाळल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, आणि त्याचा टाईप तिथल्याच बायकांनी जुळवला, छापलाही तिथेच. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी त्या मुद्रितं तपासत राहिल्या आणि काम हातावेगळं झालं तशी ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. परतीच्या गाडीत बाईंनी डब्यातली दशमी-चटणी वाटली आणि म्हणाल्या, "केडगाव सगळे सांगतात. तू इंग्लंड सांग."

म्हणून भाषणात इंग्लंडचा एक परिच्छेद होता. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे, म्हणजे नन्सकडे, राहिल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला, आणि नंतर त्यांचं त्याच भगिनींशी पत्रातून जे वाजलं त्याचा तो परिच्छेद. जेमतेम दीड मिनिटाचा. बाईंनी तो माझ्याकडून वीस-पंचवीस वेळा म्हणून घेतला असेल, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रंगीत तालमीला एक जबाबदार गृहस्थ बसले होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, भाषण छान आहे पण इंग्लंडचा तेवढा भाग गाळा, पाहुण्यांना वाईट वाटेल, त्यांच्या मदतीवर शंभर पोरं जेवतात. खोटं बोलत नव्हते ते. बाई म्हणाल्या, मी गाळणार नाही. थोडा वेळ दोघंही गप्प. मग बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बोलणार तू आहेस. तू ठरव. तू जे करशील त्याला मी काही म्हणणार नाही."

चौदा वर्षांचा होतो मी. रात्री बोर्डिंगच्या जेवणात ताटातल्या दोन भाकरी आणि डाळ बघत होतो आणि ते शंभर पोरांचं वाक्य डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी मी तो परिच्छेद गाळला. टाळ्या पडल्या, पाहुण्यांनी पाठ थोपटली, एक फाउंटन पेन दिलं. बाई पहिल्या रांगेत होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मला त्याचंच जास्त लागलं.

शनिवारी शाळा सकाळची असायची, पोरं गेली आणि बाईंनी मला थांबवलं. नववी ब चा वर्ग, रिकामी बाकं, दारात झाडू घेऊन उभे असलेले शिपाईमामा. बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता पूर्ण भाषण म्हण." मी म्हटलं, बाई, मी चुकलो का. त्या म्हणाल्या, "तू पोरांच्या जेवणाचा विचार केलास, त्यात चूक काय. पण रमाबाईंच्या मागेही माणसं होती रे, त्यांना काय कमी काळजी होती? म्हण आता." मी अध्यक्ष महाशय पासून सुरुवात केली आणि इंग्लंडपाशी आलो तेव्हा आवाज फुटेना, तर त्या तशाच बसून राहिल्या, मदत केली नाही, शब्द सुचवला नाही. म्हटलं शेवटी. शिपाईमामांनी झाडू भिंतीला टेकवून ऐकलं. बाई उठल्या, चष्मा पुसला, म्हणाल्या, जा जेवायला, उशीर झाला. बस, एवढाच प्रसंग आहे.

दुसऱ्या वर्षी दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, त्याआधी आम्ही महार. दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलेलं, त्यामुळे अनुसूचित जातीची सवलत नाही. राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश आहे, त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे, आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. गावात आमचं पाणी वेगळं होतं ते बाप्तिस्म्यानंतरही वेगळंच राहिलं, कागदावर मात्र आम्ही बदललो. एका भल्या क्लार्कने वडिलांना सुचवलं होतं की दाखल्यावर जुनं लिहून घ्या, पोराचं भलं होईल, कोण बघतंय. वडील सही करता येण्यापुरते शिकलेले. ते म्हणाले, "साहेब, नाव एकदा दिलंय." तेवढंच. वर्षभर त्यांनी माझ्या शाळेचे पैसे ऊस तोडून भरले आणि परीक्षेच्या फीला कमी पडले तेव्हा ते बाईंनी भरले. मला हे वडील वारल्यावर आईकडून कळलं. बाई कधी बोलल्या नाहीत.

पुढे आयटीआय केलं, भोसरीत नोकरी, मग १९९८ मध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं, आज अठ्ठावीस माणसं आहेत, मुलगी इंजिनियर झाली. हे मिरवायला लिहीत नाही, बाईंना हिशोब द्यायचा म्हणून लिहितोय. गेल्या काही वर्षांत कामाच्या निमित्ताने भेटणारे लोक आडनावावरून, गळ्यातल्या क्रॉसवरून विचारतात, तुम्ही कन्व्हर्टेड का, किती पैसे मिळाले. हसत हसत विचारतात. पूर्वी मी विषय बदलायचो. आता सांगतो की आम्हाला मिळालं काही नाही, गेलं ते सांगतो, बसा, चहा घ्या. आणि मग आजोबा, वडील, टिळक, रमाबाई सगळे सांगतो. काही जण चहा संपवून जातात, काही जण बसतात.

आणि आपल्यातल्यांचंही एक सांगायचंय, राग मानू नका. आमच्या इथल्या चर्चमध्ये आता कीबोर्ड आणि ड्रम आलेत, पोरं इंग्रजी गाणी पडद्यावर बघून म्हणतात, टिळकांचे अभंग म्हातारे लोक म्हणतात म्हणून राहिलेत. परदेशातल्या वक्त्याचा व्हिडिओ लागला की हॉल भरतो, आणि मराठी कीर्तन ठेवलं तर पुढच्या दोन रांगा. ज्यासाठी त्या माणसाने पगार सोडला ते आपण फुकटात परत देऊन टाकलं असं मला वाटतं, आणि झोप लागत नाही कधी कधी. २०१९ मध्ये टिळकांना जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा आम्ही पाच जणांनी वीणा, मृदंग, टाळ जमवून ख्रिस्ती कीर्तन केलं, दर महिन्याला एक करतो, आता सातवं वर्ष. मृदंगावरचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. आपल्या शाळेतही मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी झाल्या असं ऐकलं. नववी ब चा वर्ग कॉम्प्युटर रूम झालाय म्हणे. व्हरांडा तरी ठेवा.

मागच्या महिन्यात बाईंना भेटायला गेलो. नव्वदीच्या जवळ आहेत, ऐकू कमी येतं, कुंकू तसंच. स्मरणिकेचं सांगितलं, मोठ्याने सांगावं लागलं. म्हणाल्या, "काय लिहिणार?" मी म्हटलं, तो परिच्छेद. त्या काही बोलल्या नाहीत, हात धरून बसल्या.

तर संपादक मंडळाला हात जोडून विनंती, लेख लांबला असेल तर माझं वर्कशॉप काढा, कीर्तन काढा, काहीही काढा, पण खालचा भाग गाळू नका. बाईंनी माझ्याकडून जसा पाठ करून घेतला होता तसाच देतोय, नववीच्या पोराच्या भाषेत.

"बालमित्रांनो, रमाबाई इंग्लंडमध्ये एकट्या होत्या. जवळ लहान मुलगी मनोरमा, खर्चाला भगिनींचा आधार, आणि परत जायचं म्हटलं तर मायदेशी आपल्या म्हणणाऱ्या माणसांनी तोंड फिरवलेलं. अशा वेळी माणूस मान खाली घालतो. रमाबाईंनी घातली नाही. त्यांनी मांसाहार केला नाही, कारण जी कुणाला अपाय करत नाही ती आपली चाल का बदलायची, असं त्यांचं म्हणणं. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, असं त्यांनी विचारलं, लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? संस्कृत देवांची भाषा म्हणून नव्हे तर माझ्या देशाची जुनी, सुंदर भाषा म्हणून मी तिला धरून आहे, असं त्यांनी कळवलं. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, त्याने हिंदुस्थानात त्यांची किंमत कमी होईल, असं बिशपांनी सुचवलं तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं की आपल्या देशात मी स्त्रीपुरुषांच्या सभेत बोलत आले आहे. आणि तू मोठ्यांचं ऐकत नाहीस, हा गर्व आहे, असं भगिनींनी लिहिलं, तेव्हा रमाबाईंनी जे उत्तर दिलं त्याचा अर्थ असा, की आमच्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढलं आहे, आता तसंच दुसरं जोखड देवाची आज्ञा म्हणून मी मानेवर घेणार नाही. हे पत्र लिहिलं तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, आणि राहत होत्या त्यांच्याच देशात."