आधी खळ, मग पाणी

जुलै महिना. बेळगावात पाऊस ठाण मांडून बसलेला, कॉलेजात दोन दिवस लाइटचा लपंडाव, आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तळाला गेलेला. माझ्या एमेस्सीच्या विद्यार्थिनीनं आदल्या दिवशी सोन्याचं द्रावण करून ठेवलं होतं. सोन्याचं क्लोराइड उकळत ठेवून त्यात सायट्रेट ओतलं की आधी रंगच जातो, मग करडा, जांभळा होत शेवटी कोकम सरबतासारखा लाल. हे साधारण १३ नॅनोमीटरचे कण पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) पारदर्शक फिल्ममध्ये सुटेसुटे बसवायचे होते.

"मॅडम, निळं झालं की ओ हे!"

द्रावण कमी पडतंय म्हणून हिनं बोअरचं पाणी घातलेलं! मी ओरडलेच. सोन्याच्या त्या इवल्याशा बाटलीसाठी सह्यांची फाइल घेऊन मी किती जिने चढले होते, ते मलाच ठाऊक.

सायट्रेटमुळे कणांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं तो भार झाकला आणि कणांचे झुबके झाले. सुटे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात म्हणून द्रावण लाल दिसतं. झुबक्यांचं शोषण तांबड्याकडे सरकतं, नि डोळ्याला निळं दिसतं. मग वरून पीव्हीए घालून पाहिलं. फिल्म निळीच.

ती वडगावच्या विणकरांच्या घरची. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "आमच्यात सुताला आधी खळ देतात, मग मागावर चढवतात. आपण पीव्हीए आधी घातलं तर?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. एक तर पीव्हीए खळीतही वापरतात. दुसरं म्हणजे, रसायनशास्त्रज्ञ झिगमाँडींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सोन्याच्या लाल द्रावणात जिलेटिनसारखे पदार्थ आधी मिसळून, मग मीठ घालून लाल रंग टिकतो का, हेच तपासलं होतं. मी ते दरवर्षी फळ्यावर लिहिते. प्रयोगाच्या टेबलाशी मात्र आठवलं नाही.

उरलेल्या लाल द्रावणात गार झालेलं पीव्हीए घातलं, तासभर ढवळलं, आणि मुद्दाम तेच बोअरचं पाणी. दोघी काचेला नाक लावून उभ्या. लालच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पेट्री डिशमधून फिल्म सोलली. मधे लाल, पण कडेला केसाएवढी जांभळी रेघ. वाळताना क्षार कडेला साचले असणार. आता ढवळण्याआधी बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजायला तिला पिटाळलंय.